अंथरूण आधी, पांघरूण मग

सुरतेची थंडी नाशिक-पुण्याच्या थंडीसारखी वाजतगाजत येत नाही. दिवाळी उलटते, देवदिवाळी होते, बाजारात पोंकाच्या गाड्या लागतात, घराघरांत उंधियूचे बेत ठरू लागतात. तरी दुपारी पंखा फिरतच असतो. जानेवारीतसुद्धा दुपारचे तपमान ३० अंशांच्या घरात असते, आणि पहाटे तेच उतरून १५ अंशांच्या आसपास येते. काही रात्री त्याहूनही खाली जाते. थंडीपेक्षा हा उतार फसवा. रात्री दहा वाजता नकोशी वाटणारी चादर पहाटे चार वाजता अपुरी पडते. माणूस झोपेतच पायाशी लोटलेली गोधडी वर ओढून घेतो आणि कूस बदलतो. ज्यास ती ओढून घेता येत नाही असा एक जीव पुष्कळ घरांत ओट्यावर, जिन्याखाली किंवा सदनिकेच्या गॅलरीत झोपलेला असतो. या महिन्याचे आमचे पान त्याच्यासाठी आहे.

विषयास हात घालण्यापूर्वी एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे, कारण तो खोटा नाही. ज्या शहरात रात्रपाळी करून आलेला मजूर एका खोलीत आठ-दहा जणांत अंग टाकतो, ज्या शहरातील पुलांखाली माणसे उघड्यावर झोपतात, तेथे कुत्र्याच्या पांघरुणाची चर्चा करणे हे लाड नव्हेत काय? आमचे उत्तर असे की, माणसाच्या वाट्याचे काढून कुत्र्यास द्या असे कोणीच म्हणत नाही. येथे लागणारे सामान म्हणजे फाटके लुगडे, रिकामे पोते आणि थोडी अक्कल. दुसरे असे की, मोकळा कुत्रा आपली ऊब आपण शोधतो. तो चुलीच्या राखेत जाऊन पडतो, नुकत्याच थांबलेल्या मोटारीखाली शिरतो, चार भावंडांच्या अंगास अंग लावून झोपतो. ज्याच्या गळ्यात आपण पट्टा घातला त्याची ही सोय आपणच काढून घेतली. मग ती भरून देणे हा लाड नसून देणे आहे. १९६० सालचा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदाही हेच सांगतो. पाळलेल्या जनावरास पुरेसे अन्न, पाणी आणि निवारा न देणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे.

आपणां मराठी मंडळींचे कुत्र्याशी नाते मोठे चमत्कारिक आहे. दत्तगुरूंच्या पायांशी चार श्वान आहेत आणि त्यांस आपण चार वेद म्हणतो. खंडोबाच्या घोड्याबरोबर कुत्रा धावतो. महाप्रस्थानाच्या वेळी हिमालयाच्या वाटेवर द्रौपदी आणि चार भाऊ एकामागून एक पडले, शेवटपर्यंत धर्मराजाबरोबर चालला तो कुत्राच. आणि त्यास बाहेर ठेवून स्वर्गात येण्याचे धर्मराजाने नाकारले. हे सर्व आपण भक्तिभावाने ऐकतो आणि कथा संपली की कुत्र्यास उंबऱ्याबाहेर हाकलतो. देवाजवळ कुत्रा चालतो, देवघराजवळ चालत नाही! सोवळ्याची ही सीमारेषा ज्या घरांत अजून पाळली जाते त्यांस आम्ही नावे ठेवीत नाही. तिचा मान राखूनही कुत्र्यास ऊब देता येते, एवढेच दाखवावयाचे आहे.

ज्या नगरीत आपण पिढ्यान्‌पिढ्या राहिलो तिची रीत या बाबतीत पाहण्यासारखी आहे. गुजराती घरांत पहिली रोटली गाईची आणि शेवटची कुत्र्याची, हा नेम आजही पुष्कळ गृहिणी पाळतात. शेरीतील कुत्री व्याली की मुले घरोघर फिरून पीठ, गूळ, तूप गोळा करतात आणि तिला शिरा करून घालतात. पारशी धर्मग्रंथांपैकी वेंदिदादाचा तेरावा अध्याय बहुतेक सगळा कुत्र्याविषयीच आहे; त्यास वाईट अन्न घालणे हेही त्यात पाप मानले आहे. आणि सुरतेच्या महाजनांनी चालविलेले जनावरांचे रुग्णालय तर एके काळी विलायतेपर्यंत गाजले होते. १६९० साली येथे आलेला इंग्रज पाद्री जॉन ओव्हिंग्टन याने त्याच्याविषयी लिहिले, आणि जेम्स फोर्ब्ज याने १८१३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत त्याचे वर्णन केले. उंच भिंतींचे आवार, आत जनावरांसाठी निरनिराळे चौक, आजारपणात शुश्रूषा आणि म्हातारपणी निवारा अशी ती व्यवस्था पाहून तो चकित झाला होता. अशा गावी राहून कुत्र्याच्या अंथरुणाची गोष्ट काढण्यास संकोच कशाचा?

आता मुख्य मुद्दा. सर्वच कुत्र्यांस सारखी थंडी वाजत नाही. पॉमेरेनियन, अल्सेशियन, लॅब्राडोर यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचा थर राठ आणि खालचा लोकरीसारखा मऊ व दाट. या खालच्या थरात हवा कोंडून राहते आणि ती कोंडलेली हवाच ऊब धरते. अशा कुत्र्यास सुरतेच्या थंडीत स्वेटर घालणे म्हणजे त्यास छळणे होय. उलट काही कुत्र्यांस हा मऊ थर जवळजवळ नसतोच. डॉबरमन, डॅक्सहुंड, आपली गल्लीतील गावठी जात आणि शिकारी जातीचे सडपातळ कुत्रे यांत येतात.

या सडपातळ कुत्र्यांचा आपल्याकडील अस्सल नमुना म्हणजे मुधोळचा कुत्रा. मुधोळ आज कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात असले तरी ते घोरपड्यांचे मराठी संस्थान. १९४८ साली ते मुंबई इलाख्यात विलीन झाले आणि १९५६ साली म्हैसूर राज्यात गेले. तेथील राजे मालोजीराव घोरपडे यांनी या जातीची जोपासना केली आणि तिची एक जोडी इंग्लंडचे राजे पंचम जॉर्ज यांस नजर केली, तेव्हापासून गावाचे नाव कुत्र्यास चिकटले, असे सांगतात. दख्खनच्या पठारावर हाच कुत्रा कारवान या नावाने ओळखला जातो. जानेवारी २००५ मध्ये भारतीय टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटे काढली, त्यांतही मुधोळ आहे. लांब पाय, खोल छाती, पाठीस लागलेले पोट, अंगावर मखमलीसारखी आखूड लव आणि कातडीखाली चरबीचा मागमूस नाही. सशामागे धावण्यासाठी आणि धावताना तापलेले अंग चटकन निवविण्यासाठी हे शरीर घडले आहे. जे शरीर दिवसा उष्णता झटकन बाहेर टाकते तेच रात्री ती राखू शकत नाही. माळावर मेंढ्यांच्या कळपात अंग घालून झोपणाऱ्या कुत्र्यास ही उणीव जाणवत नव्हती. गॅलरीतील लादीवर एकट्याने झोपणाऱ्यास ती जाणवते.

कुत्र्याच्या अंगाचे तपमान आपल्यापेक्षा थोडे अधिक, म्हणजे १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. भोवतालची हवा २० ते ३० अंश सेल्सिअस असेपर्यंत ते राखण्यास त्यास फारसे श्रम पडत नाहीत. पारा त्याखाली गेला की तो प्रथम वेटोळे करतो. नाक शेपटीखाली, पाय पोटाखाली. अंगाचा जितका भाग उघडा, तितकी उष्णता वाया, हे गणित त्यास कोणी शिकवावे लागत नाही. वेटोळ्याने भागले नाही की तो कापू लागतो. कापणे म्हणजे स्नायूंनी जाळलेले सरपण. १५ अंशांच्या रात्रीने धडधाकट कुत्रा मरत नाही, हे खरे. पण रात्रभर वेटोळे करून पडलेल्या कुत्र्याची झोप होत नाही आणि त्याचे अन्न अंगी लागत नाही. पिलू, म्हातारा, आजारी किंवा भिजलेला कुत्रा असेल तर मात्र धोका खराच असतो.

अशा वेळी आपल्या मनात पहिली कल्पना येते ती पांघरुणाची. आपण मायेने त्याच्या अंगावर शाल टाकतो, तो गिरकी घेऊन पुन्हा पडतो आणि शाल बाजूला जाते. पहाटे चारला ती परत घालावयास कोण उठणार? शिवाय वरून जाते त्याहून अधिक ऊब पुष्कळदा खालून जाते. आपल्याकडील घरांत कोटा लादी सर्रास असते. उन्हाळ्यात ती सुखाची. पण दगड तो दगड, अंगाची उष्णता तो रात्रभर शोषून घेतो. म्हणून आमचे पहिले सूत्र असे : अंथरूण आधी, पांघरूण मग. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे माणसास सांगतात. कुत्र्याने पाय पसरले तर समजावे की अंथरूण चांगले आहे!

अंथरूण करावयाचे ते असे. सर्वांत खाली लाकडी फळी, जाड पुठ्ठा किंवा दुमडलेले गोणपाट घालून लादीशी संबंध तोडावा. त्यावर निदान चार बोटे जाडीची गादी. सुरतेत कापडाच्या चिंध्यांस तोटा नाही. जुन्या खोळीत त्या भरून उत्तम गादी होते. मात्र शिवण पक्की हवी. ज्या कुत्र्यास कापड कुरतडण्याची सवय आहे त्याच्या पोटात चिंध्यांचे दोरे गेले तर आतडी गुंततात, म्हणून त्यास चिंध्यांऐवजी एकसंध घोंगडी बरी. घोंगडीचा गुण असा की ती थोडी दमट झाली तरी ऊब सोडत नाही. सुती कापड ओले झाले की उलट अंग गार करते. आपल्या गावच्या गिरण्यांत विणले जाणारे पॉलिएस्टर पाणी फारसे पीत नाही आणि लवकर वाळते, म्हणून वरच्या खोळीस चालते. परंतु ते विस्तवापासून दूर ठेवावे, कारण ते वितळून कातडीस चिकटते. उन्हाळ्यात ज्या बाजेवर कुत्रा सुखाने झोपतो ती हिवाळ्यात नुसती उपयोगाची नाही. खालून वारा खेळतो, म्हणून तिच्यावर जाड गोधडी हवीच.

दुसरे सूत्र आडोशाचे. अंथरुणाच्या तीन बाजूंस वीतभर उंचीचा कठडा असावा. जुन्या टोपलीने, लाकडी खोक्याने किंवा गुंडाळलेल्या सतरंजीने हे काम भागते. जागा कुत्र्यास एकदा गिरकी घेऊन पडता येईल एवढीच असावी. मोठे घर दिले म्हणजे मोठे सुख दिले असे नाही, कारण तेवढी सारी हवा त्यास आपल्या अंगाने तापवावी लागते. हिवाळ्यात आपल्याकडे वारा बहुधा उत्तरेकडून व ईशान्येकडून येतो. खोक्याचे तोंड त्या बाजूस नसावे. तोंडावर पोत्याचा अर्धा पडदा सोडला की झाले. यात पांघरुणाचा प्रश्न आपोआप सुटतो. काही कुत्र्यांस, विशेषतः डॅक्सहुंडास, पांघरुणाखाली शिरण्याची उपजत हौस असते. त्यांच्यासाठी दोन बाजूंनी शिवलेली पिशवीसारखी दुलई करावी. तो आपला आत शिरेल आणि उकडू लागले की बाहेर येईल.

तिसरा उपाय अंगरख्याचा. म्हातारा किंवा फारच हडकुळा कुत्रा असल्यास रात्री अंगात काही घालणे बरे. मुलांच्या जुन्या स्वेटरच्या बाह्या कापून तो सहज होतो. तो छाती व पोट झाकणारा असावा, काखेत आवळणारा नसावा, त्यास बटणे नसावीत. दोन बोटे सहज आत जातील इतका सैल हवा. भिजला तर तत्काळ काढावा. सकाळी ऊन पडताच तो उतरवून अंगावरून हात फिरवावा, गोचीड व पिसवा पाहाव्यात, आणि गादी व अंगरखा दोन्ही उन्हात टाकावे. ट्रंकेतून काढलेली लोकरी वस्त्रे तशीच कुत्र्यास देऊ नयेत. त्यांत ठेवलेल्या डांबरगोळ्या कुत्र्यास विषारी असतात. एखादी गोळी त्याने चघळली तर जिवावर बेतते. कपडे धुऊन, दोन दिवस ऊन दाखवून मगच वापरावेत.

ऊब देण्याच्या नादात काही गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नये. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूस ना रंग, ना वास. तो कुत्र्यास मारील आणि शेजारी झोपलेल्या माणसांसही मारील. विजेची वायर कुत्र्याच्या तोंडापासून दूर असावी. गरम पाण्याची पिशवी उघडी ठेवू नये. जाड टॉवेलात गुंडाळून अंथरुणाच्या एका कडेस ठेवावी, म्हणजे नकोसे झाल्यास त्यास दूर सरकता येते. अंगास तेल चोपडू नये, त्याने लव चिकटून बसते आणि तिच्यात हवा राहत नाही. आणि ब्रँडीचा चमचा पाजावा असे सांगणारे वडीलधारे अजून आढळतात. दारूबंदीच्या राज्यात हे लिहावे लागू नये. तरी लिहितो, की मद्याने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या फुलतात आणि अंगातील उरलीसुरली ऊबही बाहेर जाते.

खाण्याविषयी थोडे. रात्री उशिरा दोन घास जास्त देण्याने ऊब मिळते, कारण पचनाची उष्णता अंगास लागते. परंतु सणाचे पदार्थ पाहून द्यावेत. चंपाषष्ठीस खंडोबाच्या कुत्र्यास नैवेद्य देण्याची आपली चाल आहे. रोडगा अवश्य द्यावा, भरीत देऊ नये, कारण त्यातील कांदा कुत्र्याचे रक्त बिघडवितो. व्यालेल्या कुत्रीस शिरा घालताना त्यात बेदाणे, मनुका टाकू नयेत. त्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पूर्वी हे कोणास ठाऊक नव्हते, आता ठाऊक झाले आहे.

थंडी वाजते आहे की आजार आहे, हे कसे ओळखावे? कान व पंजे गार, पाठ कमानीसारखी, चाल ताठर, आणि उबेत घेतल्यावर थोड्याच वेळात कापणे थांबले, तर ती थंडी. उबेत घेऊनही कापत राहिला तर ताप किंवा वेदना समजावी. चांगले खाऊनही सुस्त, केस गळलेला आणि एकसारखी ऊब शोधणारा कुत्रा असेल तर गळ्यातील ग्रंथीचा विकार असू शकतो. गोचिडांमुळे येणाऱ्या तापानेही रक्त कमी होऊन थंडी वाजते. दोन्हींस पशुवैद्यच पाहिजे. अंगाचे तपमान ९९ अंश फॅरनहाइटच्या खाली गेले, कुत्रा कापण्याचेही थांबला आणि मलूल होऊन पडला, तर विलंब करू नये. कोरडे करून, छाती-पोटास गुंडाळलेल्या गरम बाटल्या लावून तडक दवाखाना गाठावा. हातपाय चोळीत बसू नये.

आमच्या घरचा राजा हा खानदेशातून आलेला, कारवानाच्या रक्ताचा कुत्रा होता. बाराव्या वर्षी त्याचे सांधे धरले. रात्री तो एका जागी टिकेना. लादीवर त्याच्या नखांचा टक्‌टक्‌ आवाज घरभर फिरत राही. आमच्या मातोश्रींचे सोवळे कडक. कुत्रा माजघरात आलेला त्यांस चालत नसे. परंतु गुडघेदुखीने त्यांचीही रात्र जागीच सरत होती, आणि तो आवाज घरात दुसऱ्या कोणास नाही तरी त्यांस ऐकू येत होता. एके रात्री त्या उठल्या, आपल्या पाटलांची शिवलेली गोधडी त्यांनी माजघराच्या दाराशी चौघडी करून घातली आणि म्हणाल्या, "ये बाबा. तुझे गुडघे आणि माझे गुडघे एकाच वारीचे." देवघराचे दार त्यांनी ओढून घेतले, ते तसेच राहिले. कुत्रा उंबऱ्याच्या आत आला आणि सोवळेही मोडले नाही. तो हिवाळा राजाने निजून काढला. पुढचा हिवाळा त्याच्या वाट्यास नव्हता.

म्हाताऱ्या कुत्र्याच्या बाबतीत हे विशेष ध्यानात घ्यावे. त्याचे वय आपल्या वर्षांनी मोजता येत नाही. आपण "पुढच्या थंडीत पाहू" म्हणतो, तेव्हा त्याच्या हिशेबात एक तप निघून गेलेले असते.

राहता राहिली गल्लीतील कुत्री. पावसाळ्यानंतर त्यांच्या विणी होतात, म्हणून ऐन थंडीत पिले उघड्यावर असतात. जन्मल्यापासूनचे पहिले काही दिवस पिलास कापताही येत नाही. भोवती ३० अंशांच्या आसपास ऊब असावी लागते आणि ती केवळ आईच्या पोटाशी मिळते. म्हणून पिलांस आईपासून उचलून घरात आणण्याची घाई करू नये. आईलाच आडोसा द्यावा. जिन्याखाली एक पोते, आणि त्यात भाताचा कोरडा पेंढा. उघड्यावर चादर घालू नये. दवाने ती भिजते. पेंढा पाणी धरीत नाही आणि त्यात अंग रोवून बसता येते. दक्षिण गुजरातेत भात पिकतो, पेंढा महाग नाही. सोसायटीच्या पहारेकऱ्यास विश्वासात घ्यावे. आणि पोते नेताना त्याच्यासाठीही एक जुने ब्लँकेट न्यावे. आरंभीच्या आक्षेपास याहून चांगले उत्तर आमच्याजवळ नाही.

येत्या १४ जानेवारीस उत्तरायण आहे. दिवसभर पतंग, रात्री फटाके आणि गच्चीगच्चीवर कर्णे. त्या रात्री भित्री कुत्री आपली नेहमीची जागा सोडून गारठ्यात कोठेतरी दडून बसतात. दिवे लागण्यापूर्वीच आपला कुत्रा आत घ्यावा, त्याचे अंथरूण आतल्या खोलीत हलवावे, आणि दुसऱ्या दिवशी अंगणातील मांजाचे तुकडे गोळा करून मगच त्यास बाहेर सोडावे. तिळगूळ वाटून झाल्यावर निजण्यापूर्वी एकदा लादीवर आपला अनवाणी पाय ठेवून पाहावा. तो आपणांस गार लागला, तर काय करावयाचे ते वर लिहिलेच आहे.